‘आस-पास’ : शाळेतला प्रश्न आणि घरचे उत्तर

पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करण्याची रीत आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांत फारशी नाही. हजार प्रतींचा काव्यसंग्रह निघाला की त्यावर चार लेख येतात. परंतु लाखो मुलांच्या हाती वर्षभर राहणाऱ्या आणि पानोपान शाईचे डाग पडेपर्यंत हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकाकडे समीक्षक ढुंकूनही पाहत नाही. ते काम शिक्षणखात्याचे, असे म्हणून तो मोकळा होतो. आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींना मात्र इतके अलिप्त राहणे परवडणारे नाही. आमच्या घरांत मराठी पुस्तके असतात ती वडीलधाऱ्यांच्या कपाटात. मुलांच्या दप्तरात असतात ती अरविंद मार्गावरील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे ज्या संस्थेला सारे ‘एनसीईआरटी’ म्हणतात तिची. आपले मूल जगाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहणार, हे त्या दप्तरात ठरते. म्हणून त्यांतील एका पुस्तकमालेचा विचार, इतर कोणत्याही पुस्तकाचा करावा तसा, येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

ही पुस्तकमाला म्हणजे तिसरी, चौथी आणि पाचवी या इयत्तांसाठी २००६ ते २००८ या काळात निघालेली ‘आस-पास’. महाराष्ट्रात ज्या विषयास ‘परिसर अभ्यास’ म्हणतात, त्याच विषयाची ही पुस्तके. त्यांची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. १९८९ साली राज्यसभेतील आपल्या भाषणात कादंबरीकार आर. के. नारायण यांनी मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याचे गाऱ्हाणे मांडले. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९३ साली तिने अहवाल दिला, आणि खरे ओझे वह्यापुस्तकांच्या वजनाचे नसून न समजता पाठ करण्याचे आहे, असा निर्वाळा दिला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्षपदही यशपाल यांच्याकडेच होते. त्या वेळी परिषदेचे संचालक होते कृष्ण कुमार. प्राथमिक पाठ्यपुस्तकांच्या सल्लागार समितीच्या अध्यक्ष होत्या दिल्ली विद्यापीठातील अनिता रामपाल. ‘आस-पास’ हे या विचाराचे फळ. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत या मालेची जागा ‘हमारा अद्भुत संसार’ या नव्या मालेने घेतली. एखादे पुस्तक वर्गातून उठून गेले म्हणजे त्याच्याविषयी शांतपणे बोलता येते; पाठीराख्यांचा आवेश आणि विरोधकांचा कडवटपणा दोन्ही तोवर ओसरलेले असतात.

या पुस्तकांचे वैशिष्ट्य त्यांतील माहितीत नाही. ते प्रश्नांत आहे. आपल्या परिचयाचे पाठ्यपुस्तक आधी सांगते आणि मग विचारते. ‘पाण्याचे गुणधर्म लिहा’ या प्रश्नाचे उत्तर मागल्याच पानावर असते. मुलाने ते जसेच्या तसे परत करावयाचे, आणि मास्तरांनी त्यावर बरोबरची खूण करावयाची. हा प्रश्न नव्हे, ही वसुली. पाचवीच्या ‘आस-पास’मधील ‘पानी के प्रयोग’ हा पाठ याच्या शेजारी ठेवून पाहावा. आएशाची आई पुऱ्या तळते आहे. पुरी कढईत सोडली की प्रथम तळाशी जाते आणि फुगली की वर येऊन तरंगू लागते. मुलगी हे पाहते, आणि इतर वस्तूंचे पाण्यात काय होते हे पाहण्याची तिला इच्छा होते. मग वर्गातील मुलांनी वाटीसारख्या घरच्याच वस्तू घ्यावयाच्या, कोणती बुडेल आणि कोणती तरंगेल याचा आधी अंदाज बांधावयाचा आणि मग ती पाण्यात टाकून पाहावयाची.

या साध्या रचनेत एक मोठी गोष्ट घडते. मुलाचा अंदाज चुकतो तेव्हा त्याला चूक ठरविणारे मास्तर नसतात, तर ती बुडालेली वाटी असते. वाटीशी वाद घालता येत नाही आणि तिचा रागही येत नाही. शिवाय तीच वाटी अलगद ठेवली तर तरंगते आणि पाण्याने भरली तर बुडते, तेव्हा ‘जड वस्तू बुडते’ हे घोकून आलेले वाक्यही तिच्याबरोबर तळाशी जाते. वर्गात खरे शिकणे घडते ते अशाच एखाद्या क्षणी. तो क्षण तासिकेच्या घंटेबरोबर येत नाही, तपासणीसाच्या टिपणात उतरत नाही आणि प्रगतिपुस्तकात तर त्याला रकानाच नाही. त्याच इयत्तेच्या पहिल्या पाठात मुलांना जमिनीवर थोडी साखर किंवा गूळ ठेवून मुंग्यांची वाट पाहावयास सांगितले आहे. मुंग्यांची रांग लागली की तिच्या वाटेत पेन्सिल आडवी धरावयाची आणि पुढे काय होते ते पाहावयाचे. आम्हांला या पाठातील ‘वाट पाहणे’ विशेष मोलाचे वाटते. अभ्यासक्रम ‘पुरा’ करण्याच्या घाईत असलेल्या वर्गात, मुंगी येईपर्यंत थांबा, असे सांगणारे पुस्तक म्हणजे एका अर्थी बंडखोरच म्हटले पाहिजे.

परंतु या पुस्तकांचा खरा प्राण निराळ्याच एका जातीच्या प्रश्नात आहे. तुमच्या घरी पाणी कोण भरते? तुमची आजी लहान असताना कोणते पदार्थ होत? तुम्ही शाळेत कसे येता? या जातीच्या प्रश्नांचे उत्तर पुस्तकात नाही, आणि मुख्य म्हणजे ते मास्तरांनाही ठाऊक नाही. उत्तर एकट्या त्या मुलापाशी आहे. इतके दिवस वर्गात प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर आधीच ठाऊक असे. म्हणूनच प्रश्न म्हणजे परीक्षा होती. येथे प्रथमच विचारणाऱ्यास उत्तराची गरज आहे.

दिल्लीच्या वर्गात या फरकाला किती महत्त्व आहे, हे बदलीवर आलेल्या कुटुंबांस सांगावे लागू नये. नागपूर किंवा पुण्याहून आलेले आमचे मूल चौथीच्या वर्गात बसते, तेव्हा त्याच्या शेजारी पाटण्याचा एक, कोट्टयमची एक आणि अलमोड्याचा एक असा मेळावा असतो. हिंदीत आपला ‘ळ’ चालत नाही, ‘तू’ कोठे म्हणावे आणि ‘आप’ कोठे म्हणावे हे पहिल्या महिन्यात हसे झाल्यावाचून कळत नाही. अशा वर्गात नेहमीच्या पाठ्यपुस्तकाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नास आमचे मूल अर्धे पाऊल मागे असते. मात्र ‘तुझ्या घरी सणाला काय करतात?’ हा प्रश्न आला की एका क्षणात सारी मुले एका रेषेवर येतात. थालीपिठास हिंदीत शब्द नाही. तो सांगताना मुलाला हात वापरावे लागतात, भाजणी म्हणजे काय हे समजावून द्यावे लागते, आणि समजावून देता देता आपल्या घरच्या गोष्टीला वर्गात जागा आहे हे त्याला उमगते. भाषेच्या पाठ्यपुस्तकाने जे साधत नाही ते परिसराच्या पुस्तकातील एका ओळीच्या प्रश्नाने साधते. घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर काढून ठेवण्याची वस्तू नव्हे, हा धडा कोणत्याही मराठी मंडळाच्या व्याख्यानापेक्षा मुलास येथे अधिक खोलवर मिळतो.

हा विचार दिल्लीत उपजलेला नाही. चौथीच्या पुस्तकात पक्ष्यांच्या घरट्यांवरील एक पाठ आहे. तो गिजुभाई बधेका यांनी मुलांना लिहिलेल्या पत्रावर आधारलेला आहे. कावळ्याच्या घरट्यात तारांचे तुकडेही सापडतात आणि कोकिळा तर घरटेच बांधत नाही, अशा गोष्टी ते त्यात शेजाऱ्याच्या घरची हकीगत सांगावी तशा सांगतात. याच गिजुभाईंबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ताराबाई मोडक यांनी काम केले. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी जे केले, ते मराठी वाचकांस सांगावयास नको. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, गुरे चरतात तेथे जावे, या निश्चयातून कुरणशाळा निघाल्या. पाऊण शतकापूर्वी पालघरच्या किनाऱ्यावर जे जाणले गेले, ते राष्ट्रीय पाठ्यपुस्तकाच्या पानावर यावयास एकविसावे शतक उजाडावे लागले.

आता या पुस्तकांच्या लेखनगुणांकडे वळू. पाठ्यपुस्तकातील गोष्ट म्हटली की तात्पर्य आलेच, आणि तात्पर्य आले की गोष्ट मेली. ‘आस-पास’ने हा धोका बऱ्याच ठिकाणी टाळला आहे. ‘कौन करेगा यह काम?’ हा पाठ त्याचा उत्तम नमुना. सफाईचे काम कोण करतो, तेच लोक का करतात, असे विचारीत हा पाठ शेवटी लहानग्या भीमाकडे येतो. सात वर्षांचा भीम वडिलांबरोबर गोरेगावास सुट्टीत गेला असता, एक न्हावी म्हशीचे केस कापताना त्याला दिसतो. भीम त्याच्याकडे जाऊन आपलेही केस कापावयास सांगतो. तुझे केस कापले तर मी आणि माझा वस्तरा दोन्ही विटाळतील, असे उत्तर येते. म्हशीचे केस कापून जो वस्तरा बाटत नाही तो माणसाचे केस कापून बाटतो काय, एवढाच विचार त्या मुलाच्या मनात येतो, आणि गोष्ट संपते. अस्पृश्यतेची व्याख्या नाही, निषेधाची भाषा नाही. दहा वर्षांच्या वाचकाने सात वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाशी एकटे उभे राहावयाचे. मराठी माणसाने हा पाठ आपल्या मुलाबरोबर बसून वाचला असेल, तर त्यास ते गोरेगाव कोठे आहे एवढेच सांगून भागले नसेल.

सर्वच पाठ या तोलाचे आहेत असे नव्हे. लडाखमधील चुस्किट ही चालू न शकणारी मुलगी शाळेत कशी जाऊ लागली, ही गोष्ट हृद्य खरीच. पण तिच्यात अडचण येते आणि सुटते ती इतक्या सरळपणे की वाचकास काही करावयाचे उरत नाही. शेजारचा मुलगा चांगला, मुख्याध्यापक चांगले, सारेच चांगले. जगात इतका चांगुलपणा एकत्र भेटत नाही, हे मुलांस आपल्यापेक्षा आधी ठाऊक असते. त्याउलट डॉ. झाकिर हुसेन यांच्या गोष्टीवर उभारलेला ‘उसी से ठंडा उसी से गर्म’ पाहावा. एकाच फुंकरीने हात ऊब घेतात आणि बटाटा निवतो, हे पाहून चक्रावलेला मियाँ बालिश्तिये उपदेश करीत नाही, घाबरून जातो. जामियात आयुष्य वेचलेल्या या शिक्षणवेत्त्यास मुलांचे मन कसे ठाऊक होते, हे त्या एका भीतीवरून कळते.

महाराष्ट्राचे दर्शन या पुस्तकांत ठिकठिकाणी घडते, आणि ते कसे घडते हे पाहण्यासारखे आहे. तिसरीच्या पुस्तकातील छोटू मुंबईत येतो आणि मोठ्या नळकांड्यात संसार मांडतो. चौथीतील नंदिता आईच्या आजारपणासाठी मुंबईस मामाकडे वस्तीत येते. पाचवीत नागपाड्याच्या मुली भिंत ओलांडून बास्केटबॉल खेळू लागतात. शिवाजीमहाराज, गणेशोत्सव आणि लावणी यांवाचून महाराष्ट्र दाखविता येतो, हे पाहून काही वाचकांस चुकल्यासारखे वाटेल. आम्हांस ते योग्य वाटते. परप्रांतीय मुलास महाराष्ट्र भेटावा तो पुतळ्यांतून नव्हे, माणसांतून भेटावा.

यांत सर्वांत महत्त्वाचा पाठ म्हणजे पाचवीचा शेवटचा, ‘फिर चला काफिला’. धनूच्या घरी दसऱ्याला सारे नातलग बैलगाड्यांतून जमले आहेत. पुरणपोळ्या होतात, दिवस हसण्याबोलण्यात जातो, आणि संध्याकाळ होताच घरातील हवा पालटते. बायका सामान बांधू लागतात. पुरुष मुकादमापुढे बसतात. कोणी किती पैसे घेतले आहेत त्याचा हिशेब होतो. मग ऊसतोडीसाठी सारा तांडा कारखान्याच्या मुलखाकडे निघतो. धनूस शाळा आवडते. पण पुढचे सहा महिने वर्गातील त्याची जागा रिकामी राहणार आहे.

बीड किंवा जालन्याकडील वाचकास हा पाठ वाचताना एक शब्द आठवल्यावाचून राहणार नाही, तो म्हणजे ‘उचल’. पुस्तक ‘कर्ज’ म्हणते, आणि राष्ट्रीय पुस्तकास दुसरे काही म्हणता येणारही नाही. पण कर्ज माणूस घेतो. उचल घेतली की माणूसच उचलला जातो. नवराबायकोच्या जोडीस जेथे ‘कोयता’ म्हणून मोजतात, तेथील व्यवहार कर्ज या शब्दात मावत नाही. भाषांतराची ही मर्यादा भरून काढण्याचे काम मराठी घराचे आहे.

परंतु आम्हांस अधिक बोचते ती निराळी गोष्ट. हा पाठ दिल्लीत वाचणारा मुलगा बहुधा स्वतःही बदलीवरचा असतो. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीस अनुसरून केंद्र सरकारने १९६२ साली एक योजना मंजूर केली आणि १९६३ पासून २० रेजिमेंटल शाळा हाती घेऊन केंद्रीय विद्यालयांस आरंभ केला. त्यामागील विचार सरळ होता : सरकारी नोकराची बदली झाली म्हणून त्याच्या मुलाचे शिक्षण खंडित होऊ नये. देशभर अभ्यासक्रम एकच, वर्षाच्या मध्येही प्रवेश, आणि हाती ही परिषदेचीच पुस्तके. आमच्या मुलांची बदली होते तेव्हा दाखला पुढे जातो, प्रवासभत्ता मिळतो, सामानाच्या ट्रकचे पैसे मिळतात, आणि नव्या गावी तोच पाठ तेथूनच पुढे सुरू होतो. धनूची बदली दरवर्षी ठरलेल्या दिवशी होते. तिची तारीख पंचांगात छापलेली आहे. तरी त्याच्यामागून शाळा जात नाही. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. २००९ साली शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला. पण जी व्यवस्था आमच्यासाठी नियम म्हणून आली ती त्याच्या वाट्यास उपक्रम म्हणूनच आली, आणि उपक्रमाचे आयुष्य अनुदानाइतके असते. फिरतीवरील मुलास शिकविणे या राज्ययंत्रणेस जमत नाही, असे म्हणता येणार नाही. साठ वर्षांवर ती ते नीट करून दाखवीत आहे. ते कोणासाठी जमवावयाचे, एवढाच प्रश्न होता. हे सत्य ‘आस-पास’ने लिहिलेले नाही. पण धनूची गोष्ट नेमकी या वर्गात आणून ठेविली, यात ते दडलेले आहे. आणि ‘तुमच्या वर्गातून कोणी मध्येच निघून जाते काय? का जाते?’ असे एखाद्या बाईंनी तेथे विचारले, तर ते बाहेर आल्यावाचून राहत नाही.

येथेच या पुस्तकमालेचे सर्वांत मोठे न्यूनही दिसते. असा प्रश्न विचारणारी बाई तिने गृहीत धरली. ती घडविण्याचे सामर्थ्य पुस्तकात नव्हते. पानाच्या तळाशी शिक्षकांसाठी सूचना आहेत, आणि त्या समंजस आहेत. पण चाळीस मुले, पस्तीस मिनिटे आणि पुढ्यात परीक्षा, अशा स्थितीत चाळीस निरनिराळ्या उत्तरांचे करावयाचे काय, हे सूचनेने सुटत नाही. तेव्हा ती पोकळी बाजाराने भरली. खुल्या प्रश्नांचीही ठरीव उत्तरे छापलेली मार्गदर्शके निघाली. एका परिचित घरी आम्ही पाहिलेल्या वहीत, आजीस विचारून लिहावयाच्या प्रश्नाखाली शिकवणीत सांगितलेले उत्तर सुवाच्य अक्षरांत उतरविले होते. वर्गातील साऱ्या आज्या एकाच पद्धतीने एकच पदार्थ करीत होत्या. आजी त्या वेळी पलीकडच्याच खोलीत होती.

आणखीही एक आक्षेप आहे. प्रश्न घरी नेण्यास सांगणारे पुस्तक, घरी उत्तर देण्यास कोणी मोकळे आहे असे धरून चालते. दोघेही नोकरीत असलेल्या नोएडा-गुडगावच्या घरांत, किंवा रात्री उशिरा परतणाऱ्या मजुराच्या खोलीत, मूल कोणास विचारणार? हा आक्षेप खरा आहे. परंतु आमच्या मते तो पुस्तकापेक्षा घरावर अधिक लागू पडतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील तरुण मास्तर शिकवावयास जातो आणि धनगरांच्या त्या वाडीकडून स्वतःच शिकत राहतो. त्या कादंबरीचे मोठेपण मास्तराच्या या अज्ञानात आहे. ‘आस-पास’ने शिक्षकाकडून हेच अज्ञान मागितले : मुलाचे घर मला ठाऊक नाही, त्याने ते मला सांगावे. ही मागणी कादंबरीस शोभते तितकी शाळाखात्यास पेलत नाही, हे गेल्या काही वर्षांनी दाखविले. म्हणून ती मागणी चुकीची ठरत नाही.

नव्या पुस्तकांची चित्रे अधिक रंगीत आहेत, आणि त्यांचे मूल्यमापन त्यांच्या वेळी होईल. त्यांस आम्ही एकच कसोटी लावू : यांतील किती प्रश्नांची उत्तरे शिक्षकास आधीपासून ठाऊक आहेत? ही संख्या जितकी वाढेल तितके पुस्तक निर्धास्त होईल, आणि तितकेच मूल मुके होईल. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी ‘आस-पास’ची जुनी प्रत अजून रद्दीत गेली नसेल, त्यांनी ती काढून शेवटचा पाठ मुलाबरोबर वाचावा, आणि ‘उचल’ म्हणजे काय ते त्याला मराठीत सांगावे.